अकरा माणसांची भाषा

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. मुलगी कॉलेजात मराठी शिकवते एवढं तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता. पण कॉलेजातून आल्यावर मी टाइपरायटर पुढ्यात घेऊन दिवे लागेपर्यंत जे बडवत बसायची ते काय, असं शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, "पोस्टाचं काम करते ते." वर्ध्यातल्या आर्वी नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांवर परदेशी तिकिटांची पाकिटं इतकी यायची की शेजारणींना ते पटायचं. एकीनं तर तिच्या भावाचं रजिस्टर पत्र कुठं अडकलंय ते बघायला मला सांगितलं होतं.

खरं काम निराळं होतं. जगात कुणाचीच मातृभाषा नसलेली, सगळ्यांना सारखीच सोपी आणि सारखीच परकी, अशी एक भाषा तयार करायची, हे ते काम. एस्पेरांतोचं नाव काहींनी ऐकलं असेल. आमची भाषा त्याच जातीची, पण तिच्याहून फार लहान. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी कुणाला काही बोध व्हायचा नाही. युरोपातल्या एका बंदराच्या गावी राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षकांनी ती रचायला घेतली होती. शब्द ठरवायला त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या माणसांची एक समिती केली होती. समितीत आम्ही अकरा जण होतो. ही भाषा येणारी माणसंही जगात तेवढीच.

मी या वाटेला कशी लागले ते सांगायचं तर पुण्यापर्यंत मागं जावं लागेल.

माझे वडील सिंदी रेल्वेच्या स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी शाळेत होते. मुलीला शिकवायचं हे त्यांनी त्याच वर्षी ठरवलं आणि मी बी.ए. होईपर्यंत ते त्यावर ठाम राहिले. पुढं शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून भाषाशास्त्र शिकायला मी पुण्याला गेले. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, "मले वरण द्या." टेबलावरच्या मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या. हसू आलं म्हणून हसल्या. पण पुढची दोन वर्षं माझं नाव 'मले' पडलं.

वर्गात त्याहून अवघड गेलं. टेपवर एखाद्याचं बोलणं ऐकवायचं आणि तो माणूस कुठला, किती शिकलेला, कोणत्या समाजातला, हे मुलांनी ओळखायचं, असा एक अभ्यास असायचा. अभ्यास म्हणून तो चोख होता. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. एकदा एका बाईचा आवाज लावला. ती आमच्याकडची होती, अगदी आईसारखी बोलणारी. माझ्या शेजारच्या मुलीनं दोन वाक्यांत तिचा तालुका सांगितला आणि तिसऱ्या वाक्याला जात. उत्तर बरोबर होतं. त्यानंतर बरेच दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही.

त्याच सुमाराला ग्रंथालयात एका जुन्या नियतकालिकात मला या रचलेल्या भाषांविषयीचा लेख सापडला. इतरांना त्यात काय दिसलं असतं कोण जाणे. मला एकच दिसलं. ज्या भाषेत कुणीच जन्मलेलं नाही, तिच्यात माझं बोलणं ऐकून कुणाला माझं काहीच ओळखता येणार नाही. लेखाखाली त्या गणिताच्या शिक्षकांचा पत्ता होता. मी इंग्रजीत पत्र टाकलं. दीड महिन्यानं सायक्लोस्टाइल केलेलं चाळीस पानांचं व्याकरण आलं, सोबत त्यांच्या हातचं लहानसं पत्र: पुढचं पत्र शक्यतो नव्या भाषेत लिहावं, चुका झाल्या तरी चालतील.

मी लिहिलं. चुका एकवीस झाल्या. त्यांनी सगळ्या दुरुस्त करून पत्र परत पाठवलं आणि वर लिहिलं की हिंदुस्थानातून या भाषेत आलेलं हे पहिलं पत्र आहे, ते आपण जपून ठेवू इच्छितो, म्हणून कृपया दुरुस्त्या उतरवून घेऊन पुन्हा पाठवावं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला वर्ध्याला नोकरी लागली. वडील तोवर गेले होते. सिंदीचं रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, म्हणून आईला घेऊन आले. सेकंडहँड टाइपरायटर नागपूरहून आणला. सकाळी कॉलेज, दुपारी समितीचं काम. दर दोन महिन्यांनी नव्या शब्दांची यादी यायची. प्रत्येक शब्दापुढं आपापल्या देशातल्या लोकांना तो उच्चारता येतो का, तो तिथल्या कुठल्या वाईट शब्दासारखा ऐकू येतो का, हे तपासून लिहायचं. माझ्याकडं मराठी आणि हिंदी. मी पहिली चाचणी आईवर घ्यायची.

"म्हन बरं, 'सिल्तो'."

"शिलतो."

"शि नाई, सि."

"मले जे येते ते म्या म्हटलं," आई म्हणायची. "तुया लोकायले नसन जमत तर त्यायनं माया शब्द घ्यावा."

मी कागदावर लिहायची: सि आणि शि यांतला भेद टिकत नाही. तो अभिप्राय पुढं मान्य झाला आणि त्या भाषेतून सि-शिचा घोळ कायमचा गेला. आपल्यामुळं एक नियम बदलला हे आईला मी सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "मंग ते आता मराठीत कागद धाडतीन का?"

गाव राष्ट्रभाषेच्या परीक्षांचं. बाहेरून लोक इथं हिंदी शिकायला, शिकवायला येत. कॉलेजातले हिंदीचे प्राध्यापक स्टाफरूममध्ये मला म्हणायचे, "मॅडम, देशाची एक भाषा होता होत नाही, तुम्ही जगाची करून राहिल्या." बाकीचे हसत, मीही हसायची. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि ते चहाही पाजत. पण त्यानंतर मी तिथं पाकीट उघडणं बंद केलं. पाकिटं पर्समध्ये तशीच घरी न्यायची.

पीएच.डी.साठी मी नागपूरला एका मार्गदर्शकांकडं गेले होते. त्यांनी माझी वही चाळली आणि शांतपणे म्हणाले, "हे रचलेलं आहे. जे रचलेलं आहे त्याचा अभ्यास कसा करणार? तुमच्या भागातल्या बोलीवर करा, वर्षभरात होऊन जाईल." सल्ला चांगला होता. मी ऐकला नाही. बोलीवर काम करायचं म्हणजे पुन्हा त्या टेपसमोर बसायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. परिणाम असा की माझ्या मागून आलेले लोक पुढं गेले आणि मी निवृत्त होईपर्यंत व्याख्यातीच राहिले.

एका प्रसंगाची मला अजून लाज वाटते. 'सोबती' या अर्थी समितीपुढं 'मुरदो' हा शब्द आला होता आणि बहुतेकांना तो आवडला होता. मला तो वाचताच खटकला. पण नुसतं मला खटकून भागत नव्हतं. दहावीस लोकांना विचारून लिहायचा नियम होता. अनोळखी, निरनिराळ्या गावांची माणसं एका जागी भेटावीत म्हणून मी सेवाग्रामच्या दवाखान्यात जायची. ओपीडीच्या बाहेर सावलीत लोक तासन् तास बसलेले असत. वेळ जात नसे, म्हणून बोलायलाही तयार असत. अल्लीपूरकडची एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, "तुमच्या सोबतच्या मानसाले कोनी 'मुरदो' म्हटलं तर कसं वाटन?"

तिनं डबा मांडीवरून खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "असं वंगाळ काऊन बोलता बाई? माया मालक अंदर हाय. आज तिसरा दिस हाय, डोया नाई उघडला त्यायनं."

 मी वही मिटली आणि तिच्याजवळ बसून राहिले. मग तिनंच विचारलं, "तुमचं कोन हाय अंदर?" कुणी नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "आई." तिनं डब्यातली अर्धी भाकर काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. त्या दिवसानंतर दवाखान्यात वही घेऊन कधी गेले नाही. समितीला मी एवढंच कळवलं की हा शब्द आमच्याकडं चालणार नाही. कारण लिहिलं नाही. बाकीच्यांनी कारण मागितलं, तेव्हाही लिहिलं नाही. शेवटी गणिताच्या शिक्षकांनीच तो शब्द मागं घेतला.

माझ्या हातून झालेलं मोठं म्हणावं असं काम एकच, आणि तेही फसलं.

आपल्याकडं 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. आपण म्हटलं की ऐकणारा त्यात आला. आम्ही म्हटलं की तो बाहेर राहिला. युरोपातल्या बहुतेक भाषांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. आमच्या भाषेतही तो एकच होता: 'नालो'. मी सुचवलं की 'नालो'चा अर्थ 'आम्ही' एवढाच ठेवावा आणि 'आपण'साठी वेगळा शब्द करावा. भाषेच्याच नियमानं तो होत होता. 'ना' म्हणजे मी, 'ते' म्हणजे तू. दोन्ही जोडून 'नाते'. मराठी वाचकाला यात माझी लबाडी दिसेल. समितीतल्या एका सभासदालाही दिसली. त्यानं कुठून तरी मराठी शब्दकोश मिळवला आणि सगळ्यांना पत्र पाठवलं की हिंदुस्थानच्या बाई स्वतःच्या मातृभाषेतला शब्द मागच्या दारानं आणू पाहत आहेत. खरं सांगते, शब्द जुळवताना तो मराठीत काय होतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईनं ऐकून सांगितलं तेव्हा आलं. पण हे कुणाला पटवून देणार? मातृभाषेपासून दूर जायला म्हणून जिथं आले, तिथंच मातृभाषेची चोरटी आयात केल्याचा आरोप माझ्यावर आला.

वाद दीड वर्ष चालला. पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस. त्यामुळं रागही महिना महिना शिळा होऊन पोचायचा. माझ्या बाजूनं ठामपणे उभे राहिले ते एकच सभासद, इंडोनेशियातले. जावा बेटावरच्या एका गावात ते शाळामास्तर होते. त्यांच्या भाषेतही आपण आणि आम्ही वेगळे: 'किता' आणि 'कामी'. त्यांनी लिहिलं, "हा भेद नसेल तर मी बायकोला सिनेमाला चल म्हणतोय की मित्राबरोबर जातोय हे तिला कळायचं कसं?" मतदान झालं आणि आम्ही हरलो. गणिताच्या शिक्षकांनी मला स्वतंत्र पत्र लिहून समजूत घातली: भाषा सोपी ठेवायची तर काही सोडावं लागतं.

जावाच्या मास्तरांनी मात्र मला लिहिताना 'नाते' वापरणं सोडलं नाही. मीही सोडलं नाही. पुढची काही वर्षं तो शब्द जगात दोनच माणसं वापरत होती.

आणि मग ते आले. सेवाग्रामला शिक्षणावरचा एक मेळावा होता, निरनिराळ्या देशांतून शिक्षक यायचे होते, त्यांत त्यांचा नंबर लागला होता. पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. माणूस येणार म्हणून नव्हे. भाषा येणार म्हणून. मी ती पंधरा वर्षं लिहीत होते, पण दुसऱ्या माणसाच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. मेळाव्याच्या आधीचे आठ दिवस मी पत्रं मोठ्यानं वाचून सराव केला. आईनं विचारलं, "कोनाले भाषन द्याले चालली?"

हिवाळ्याचे दिवस होते. सेवाग्रामच्या फाटकाशी बुटके, हसऱ्या चेहऱ्याचे एक गृहस्थ मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी एक वाक्य म्हटलं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. मी एक वाक्य म्हटलं. त्यांनी कान पुढं केला आणि मान हलवली. ते शब्दाचं शेवटचं अक्षर गिळून टाकत, मी प्रत्येक अक्षरावर मराठीसारखी थांबत होते. दोघांचं व्याकरण बिनचूक होतं. शेवटी आम्ही कडुनिंबाखाली बसलो, वही काढली आणि वाक्यं लिहून एकमेकांना दाखवायला लागलो. दोन हातांच्या अंतरावर बसून आम्ही पत्रव्यवहारच केला.

तिसऱ्या दिवशी कुठं कानाला वळण पडलं. मग बोललो. शाळेविषयी, त्यांच्या तीन मुलांविषयी, भातशेतीविषयी, माझ्या वडिलांविषयी. पुण्याच्या मेसमधली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती त्यांना सांगितली. सांगताना लक्षात आलं की त्या भाषेत 'मले'चं भाषांतरच होत नाही. तिथं चौथी विभक्ती एकच आहे, तिचं चुकीचं रूप नाही. मी म्हटलं, त्या मुली हसल्या. ते म्हणाले, कशाला? मला ते समजावता आलं नाही.

रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. आईनं भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्या केल्या होत्या. वरणाची चव घेऊन ते आईकडं पाहून नम्रपणे म्हणाले, "गरम."

आईनं वाटी उचलली, स्टोव्हवर वरण चांगलं उकळलं आणि परत आणून ठेवलं. त्यांनी फुंकर घालून घोट घेतला आणि अजीजीनं पुन्हा म्हणाले, "गरम."

"आता अजून किती गरम पाहिजे याले?" आई मला म्हणाली. "तोंड पोळन."

मी आमच्या भाषेत त्यांना काय हवंय ते विचारायला वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी चिमटीनं ताटावर काही भुरभुरवल्यासारखं केलं. आईला पटकन समजलं. मीठ. त्यांच्याकडं मिठाला गरम म्हणतात. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि तेही हसायला लागले. मग त्यांनी पोळीकडं बोट दाखवून म्हटलं, "रोती." आई म्हणाली, "रोटी, हो." त्यांनी ग्लासाला बोट लावलं, "काचा." आई म्हणाली, "काच." डोक्याला हात लावून ते म्हणाले, "कपाला," तेव्हा आईनं स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवला. गूळ दाखवल्यावर ते "गुला" म्हणाले, तेव्हा तिनं खडाच त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खिशातून बायकोमुलांचा फोटो काढला. आई वऱ्हाडीत विचारत होती, ते त्यांच्या भाषेत सांगत होते, आणि धाकटीला खोकल्याचा त्रास आहे हे आईला कळलं, त्यावर ज्येष्ठमध द्यायचा हे त्यांना कळलं. मी मधे दोनदा दुभाषीपणा करायला गेले. दोघांनीही माझ्याकडं लक्ष दिलं नाही. चार वाजेपर्यंत त्यांचं हे चाललं होतं. मी चहा केला आणि कप घेऊन दाराशी बसले.

ते गेल्यावर आईनं विचारलं, "तुयी भाषा बोलून राह्यला होता का तो?"

"नाई. तो त्याची बोलत होता, तू तुयी."

"मंग तुयी कायले पाहिजे?"

टोचून नव्हतं विचारलं तिनं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, सांगीन कधी. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोचवायला वर्ध्याच्या स्टेशनवर गेले. मेळाव्याला आलेले इतर शिक्षकही त्याच गाडीनं कलकत्त्याला निघाले होते. सामान चढवून झाल्यावर ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "नालो तीन दिवस कलकत्त्यात थांबणार, मग घरी." पाच दिवस ते माझ्याशी 'नाते'च बोलत होते. आता 'नालो' म्हणाले. व्याकरणाच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. कलकत्त्याला जाणाऱ्यांत मी नव्हते. दीड वर्ष भांडून मी जो भेद मागत होते तो नेमका हाच. गाडी हलली तेव्हा मी हात हलवला. मग फलाटावरच्या बाकावर बसले आणि पुढची गाडी येऊन गेल्यावर घरी आले.

मला तेव्हा चाळिशी लागली होती. स्थळं पूर्वी आली होती. दोनदा गोष्टी ठरत ठरत राहिल्या, पुढं येईनाशी झाली. मास्तरांविषयी माझ्या मनात काही होतं का, असं एका मैत्रिणीनं फार पुढं विचारलं. मी तिला म्हटलं, माझ्याशी माझ्या भाषेत बोललेला तो एकच माणूस. याहून जास्त मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही.

पुढची हकीकत थोडकी आहे. ऐंशीनंतर याद्या उशिरा येऊ लागल्या. दोन सभासद वारले, एकजण एस्पेरांतोवाल्यांकडं गेला आणि जाताना सगळ्यांना प्रेमानं पत्र लिहून गेला. माझ्यावर आरोप करणारा सभासद आजारी असल्याचं कळलं. मी त्याला पत्र लिहिलं, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात त्यानं 'नाते' वापरलं होतं. चूक होती की दिलगिरी, ते समजलं नाही. जावाच्या मास्तरांनी कळवलं की ते आता मुख्याध्यापक झालेत, पालकांना मुलांसाठी इंग्रजी हवीय, रात्रंदिवस तिची तयारी करावी लागते. पत्रं वर्षातून एक झाली, मग तीही थांबली. मी दोन पाठवली. तिसरं लिहिलं, पण पोस्टात टाकलं नाही.

एका पावसाळ्यात युरोपातून इंग्रजी पत्र आलं, गणिताच्या शिक्षकांच्या मुलीचं. तिनं लिहिलं होतं: वडील वसंत ऋतूत गेले. त्यांच्या कपाटात तुमची पत्रं व्यवस्थित लावलेली आहेत. ती भाषा मला येत नाही. लहानपणी त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, पण मला कंटाळा यायचा. पत्रं परत हवी असल्यास कळवावं, नाहीतर गावच्या ग्रंथालयाला देईन. मी उत्तर लिहायला बसले आणि सवयीनं पहिल्या दोन ओळी आमच्या भाषेत लिहिल्या. मग कागद बदलला. ग्रंथालयाला द्यावीत, असं इंग्रजीत कळवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आई आजारी पडली. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिला महिनाभर ठेवलं होतं. मी कॉलेज करून बसनं जायची. एका दुपारी तिला बरं वाटत होतं, उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "बोल ना जराशी तुयी भाषा. कितीक दिस झाले, आयकली नाई."

"काय बोलू?"

"काई बी बोल. मले थोडीच समजते?"

मी बोलले. समजणार नाही म्हणूनच बोलले. वडील गेले तेव्हा मी पुण्यात परीक्षा देत राहिले, वेळेवर आले नाही, ते तिच्याशी कधी बोलले नव्हते, ते बोलले. पुण्यात मी तिचं पत्र मुलींपासून लपवून वाचायची, हेही बोलले. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "कानाले चांगली लागते." मग डोळे उघडून म्हणाली, "पन आता कोन बोलन तुयासंगं?"

नर्स तिचं टेंपरेचर घ्यायला आली. आई त्याच आठवड्यात गेली.

घरात एकटी राहिल्यावर संध्याकाळी टाइपरायटरचं झाकण काढायची सवय मोडेना. पाठवायला कुठं काही नव्हतं. ट्रंकेत मराठी आणि त्या भाषेचा अर्धा झालेला कोश पडून होता. समितीनं तो मागितला होता, पण पुढं मागणारंच कुणी उरलं नाही. मी तो पुरा करायला घेतला.  अर्धा होता म्हणून. दोन हिवाळे लागले. प्रत्येक शब्दापुढं हातानं मराठी अर्थ, आणि जिथं आमच्याकडचा वऱ्हाडी शब्द जास्त जवळचा वाटला तिथं तोही लिहिला.

पानं घेऊन मी बाजारातल्या बाइंडरकडं गेले. त्यानं गठ्ठा हातात तोलला, दोनचार पानं उलटली.

"कोनत्या भाषेचं हाय मॅडम?"

मी नाव सांगितलं.

"कोनत्या देशाची?"

"देश नाई तिचा."

त्यानं गठ्ठा ठोकून सारखा केला. पुठ्ठ्यासाठी लाल आणि हिरवं कापड दाखवलं. मी हिरवं निवडलं. पाठीवर नाव काय टाकायचं म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या कोरंच. त्याला ते पटलं नाही. "नाव नाई टाकलं तं कपाटात उलटं ठेवसान," तो म्हणाला. मग मी एका चिठ्ठीवर नुसतं 'कोश' लिहून दिलं.

आठ दिवसांनी पुस्तक घेऊन आले. हात धुऊन टेबलाशी बसले आणि मधलंच एक पान उघडलं. तिसऱ्या ओळीत एका शब्दात दोन अक्षरं उलटसुलट पडली होती. लेखणी घेतली, ती अक्षरं खोडली, वर बारीक अक्षरात बरोबर लिहिलं, आणि मग पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.